शेजारी निवडून मिळतील

२०२५ च्या सप्टेंबरात नेरळचं नाव दिल्लीत गाजलं, आणि त्याला कारण माथेरानची गाडी नव्हती. नेरळजवळच्या एका गृहप्रकल्पाची चित्रफीत फोनोफोनी फिरली. हिजाब घातलेली बाई, 'हलाल लाइफस्टाइल टाउनशिप', समविचारी कुटुंबांचा शेजार, मुलांना आपलं वातावरण, चालत जाण्याच्या अंतरावर नमाजाची सोय. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे सदस्य प्रियांक कानूनगो यांनी याला राष्ट्रातलं दुसरं राष्ट्र म्हटलं. आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली, पुढाऱ्यांची निवेदनं आली, वाहिन्यांवर वाद रंगले.

या प्रकरणावर एका मामा-भाचीत झालेलं हे बोलणं. मामा रेल्वेतले. कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिन लागतं, त्या कामावर सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर नेरळ, कर्जत, चौक या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार जुळवून देतात. भाची कर्जतहून निघून ठाण्याला गाडी बदलते आणि ऐरोलीला जाते. कुठली जाहिरात कुणाच्या फोनवर झळकावी हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिचं काम चालतं. धंद्याच्या खाचाखोचा दोघांना ठाऊक आहेत, आणि दोघांचं पटत नाही.

मामा : त्या बिल्डरचा गुन्हा एवढाच, की त्याने बोलून दाखवलं. बाकीचे न बोलता तेच करतात. हा बघ, आजच आलेला मेसेज. 'कर्जत स्टेशनपासून १० मिनिटं, रिव्हर टच, माउंटन व्ह्यू, क्लिअर टायटल, वेज फॅमिली प्रेफर्ड.' दहा मिनिटं कसली, रिक्षाला पंचवीस लागतात. आणि रिव्हर टच म्हणशील तर पावसाळ्यात उल्हास नदी स्वतःच अंगणात येते. त्यावरही कुणी नोटीस काढली नाही आणि शेवटच्या तीन शब्दांवरही नाही.

भाची : माझा राग हलाल शब्दावर नाही, मामा. 'वेज फॅमिली'चाही मला तेवढाच येतो. घराबरोबर शेजारीसुद्धा विकायला काढलाय, ते मला खटकतं.

मामा : शेजारी बघून घर घेणं आजचं आहे का? गामदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. तालमकींनी उभी केली, आपल्याकडे सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात सांगताना लोक तिचंच नाव घेतात. ती ज्ञातीसाठीच होती ना? दादरला पारशी कॉलनी झाली. २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा निकाल दिला, की सभासद पारशीच हवा ही अट चालेल, आपल्या लोकांची संघटना करायचा हक्क घटनेने दिलेला आहे. मग नेरळवाल्यांनी काय वेगळं केलं?

भाची : आपल्या सहकार कायद्याचं कलम २३ पण सांगा की. सभासदत्व खुलं हवं, सबळ कारणाशिवाय कुणाला नाकारता येत नाही. पण कायदा जरा बाजूला ठेवू. गामदेवीला माणसं आधी एकत्र आली. एकमेकांना ओळखणारे, भाड्याने राहणारे लोक. त्यांनी भांडवल जमवलं, सभा घेतल्या, हिशेब ठेवले, मग इमारती उभ्या राहिल्या. नेरळच्या चित्रफितीत कोण एकत्र आलं होतं? बिल्डरने समाज आधी जाहीर केला आणि मग त्यात बसणारी माणसं शोधायला निघाला. 'समविचारी कुटुंबं' म्हणजे त्यांनी एकमेकांचा चेहरासुद्धा पाहिलेला नाही!

मामा : चेहरा पाहिलेला नाही, पण गरज खोटी नाही. हे तुम्हा ऐरोलीवाल्यांना कळत नाही, कारण तुम्ही मालकासमोर बसत नाही. मी बसतो. पार्टी चांगली असते, पैसे बँकेत तयार असतात, टोकन द्यायला हात खिशात गेलेला असतो. मग मालक हळूच विचारतो, नाव काय म्हणालात? मी नाव सांगतो. तो म्हणतो, बघू, घरात विचारून कळवतो. नंतर त्याचा फोन लागत नाही. मुसलमान गिऱ्हाइकाला हे किती वेळा ऐकावं लागत असेल? त्याला कुणी जाहिरातीत 'या' म्हटलं तर तो जाणारच. आणि हे मुसलमानांपुरतंच आहे असंही नाही. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला जागा नाकारल्याचा व्हिडिओ तूच मला पाठवला होतास.

भाची : म्हणजे आधी दार लावून घ्यायचं आणि मग बाहेर राहिलेल्यांना दुसरं दार विकायचं. कमिशन दोन्हीकडे.

मामा : कमिशनवर येऊ नकोस. तुझ्या इंजिनिअरिंगची पहिली फी त्यातूनच गेली आहे.

भाची : म्हणूनच बोलते. तुमच्या मालकाने नाही म्हटलं, तर ते कुणीतरी कुणाच्या तरी तोंडावर म्हटलेलं असतं. त्याला थोडी लाज वाटते, म्हणून तो फोन उचलत नाही. आमच्याकडे ती लाजसुद्धा लागत नाही. ज्याला प्लॉट नको द्यायचा त्याला जाहिरातच दाखवायची नाही. आपल्याला वगळलं हे त्याला कधी कळतही नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर हाच आरोप ठेवला. घरांच्या जाहिराती कुणाला दाखवायच्या आणि कुणापासून लपवायच्या यात वंश, धर्म वापरायची सोय तुम्ही जाहिरातदाराला दिलीत, असं म्हणणं होतं. २०२२ मध्ये न्याय खात्याशी तडजोड करून कंपनीला त्यातलं एक साधन बंद करावं लागलं.

मामा : झालं तर मग. बंद केलं ना?

भाची : तिथे केलं. धर्माशी जोडलेल्या आवडीनिवडी पाहून गिऱ्हाईक निवडायचे पर्याय फेसबुकच्याच मेटा कंपनीने जानेवारी २०२२ पासून जगभर काढून टाकले. पण धर्म असं लिहावं लागतच नाही. पिनकोड आहे, सणाची खरेदी आहे, कुठली भजनं आणि कुठल्या कव्वाल्या ऐकता ते आहे. तुम्ही नुसती शंभर जुन्या गिऱ्हाइकांची यादी द्या, मशीन त्यांच्यासारखे दुसरे शोधून देतं. कुणी धर्म विचारला नाही, कुणी सांगितला नाही, आणि तरी तो बरोबर निघतो.

मामा : हे मात्र मी ऐकून घेणार नाही. तुम्ही लोक सगळं मशीनवर ढकलता. व्हॉट्सॲपवर कुठलं आलंय मशीन? तिथे माणूसच माणसाला पाठवतो. आणि अफवेला इंटरनेट लागतं असं तुला वाटत असेल तर २१ सप्टेंबर १९९५ आठव. नाही आठवणार, तू झाली नव्हतीस. सकाळी कुणीतरी म्हटलं, गणपती दूध पितो. दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा. तोवर सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू होऊन महिना जेमतेम झाला होता, कर्जतला तर ते नावही कुणी ऐकलं नव्हतं. एसटीडी बूथवरून आणि तोंडातोंडी पसरलं. श्रद्धा आणि उत्साह माणसाचा, यंत्र फक्त वाहून नेतं.

भाची : त्या दिवशी दुधाशिवाय काही सांडलं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं? साक्री तालुक्यातलं गाव. मुलं पळवणारी टोळी फिरते असे मेसेज कित्येक दिवस फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजारात आले होते. जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने दारोदार फिरणारी माणसं, त्यांना कुणी ओळखलं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेले मेसेज एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं, आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. माणसाचा स्वभाव तोच होता ना? बटण बदललं आणि वागणं बदललं. म्हणजे बटणाला काही जबाबदारी आहे.

मामा : बरं, बटणाला आहे. पण सगळा दोष बटणाला दिला की माणूस सुटतो. राईनपाड्यात दगड बटणाने उचलले नाहीत.

भाची : नाही. हे मी मान्य करते.

मामा : मग माझंही एक मान्य कर. तू इंटरनेटवरच्या जमावाबद्दल बोलतेस, मी इथल्याच एका गटाबद्दल सांगतो. खोपोलीत अपघातग्रस्तांच्या मदतीला धावणारे स्वयंसेवक आहेत. बोरघाटात टँकर उलटला, बस दरीत गेली, की फोनवर निरोप पडतो. कुणी रुग्णवाहिका काढतो, कुणी क्रेनवाल्याला उठवतो, कुणी दोर घेऊन खाली उतरतो. गाडीत अडकलेल्याचं आडनाव कुणी विचारत नाही. इर्शाळवाडी आठव. १९ जुलै २०२३ ची रात्र, पाऊस कोसळतोय, वाडीवर जायला गाडीरस्ता नाही. ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. चौक, खोपोली, कर्जत इथली पोरं रात्रीच्या अंधारात डोंगर चढून गेली. कुणाला काय हवंय हे सगळं फोनवरूनच फिरत होतं. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं शेवटपर्यंत मिळाली नाहीत. त्या दिवसांत फोन नसता तर?

भाची : याच्याशी माझं भांडणच नाही. उलट माझा मुद्दा तुम्हीच मांडलात. त्या गटाला काम आहे. अपघात झाला की तो जागा होतो, जखमी दवाखान्यात पोचला की शांत होतो. काम नसलेला गट बघा. आपल्या नातेवाइकांचा ग्रुप घ्या. सकाळी फुलं, दुपारी औषधाचे उपाय, आणि संध्याकाळ झाली की कुणाचा तरी राग. नुसतं 'आपण' असण्यावर ग्रुप चालत नाही, त्याला रोज कुणीतरी 'ते' लागतात. नाहीतर बोलायला विषय काय?

मामा : नातेवाइकांच्या ग्रुपला नाव ठेवतेस, पण गेल्या वर्षी तुझ्या आजीला रक्त लागलं तेव्हा ते तिथूनच आलं.

भाची : म्हणजे त्या दिवशी त्यालाही काम होतं.

मामा : शब्दात पकडू नकोस. मला सांग, ज्यांना गावाने कधी 'आपलं' म्हटलंच नाही त्यांनी काय करायचं? तू गावाचं गोकुळ करून सांगतेस. या तालुक्यात कातकऱ्यांची वाडी कायम गावाबाहेर राहिली. आपल्याच रायगडात दोन महाड आहेत. एक आपल्या खालापुरातला, वरदविनायकाचा, जिथे गाभाऱ्यात जाऊन दर्शन घेता येतं. दुसरा चवदार तळ्याचा. २० मार्च १९२७ ला तिथे बाबासाहेबांना पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि प्यायल्यावर सत्याग्रहींना मार खावा लागला. एकाच तळ्याकाठी राहणाऱ्या लोकांनी मारलं. मग ज्याला शेजारी पाणी देत नाही, त्याने दूरचा का होईना आपला माणूस शोधायचा नाही? 'मूकनायक' काय होता? ३१ जानेवारी १९२० चा अंक. विखुरलेल्या माणसांना एकमेकांचा पत्ता मिळाला. आज आमच्या डेपोतल्या एका सहकाऱ्याची मुलगी फोनवर तेच करते. तिच्या कविता वाचणारे तिला नागपूरला आहेत, लंडनला आहेत. इथे शेजारच्या दारात तिला कोण विचारतं?

भाची : याला उत्तर सोपं नाही.

मामा : मग?

भाची : 'मूकनायक' निघाला तेव्हाची एक गोष्ट तुम्हीच मला लहानपणी सांगितलीत. त्याची जाहिरात 'केसरी'कडे पैसे भरायची तयारी दाखवून पाठवली होती, आणि ती छापली गेली नाही. वगळणारे तेव्हाही जाहिरातीच्या खिडकीत बसले होते. 'मूकनायक' लोकांना जमवत होता, पण त्यांना कुणाला विकत नव्हता. त्यातून परिषदा झाल्या, महाडला माणसं चालत आली. त्या मुलीच्या कवितेलाही माझं तेच म्हणणं लागू आहे. ती शोधते, लिहिते, काही घडवते. पण ती ज्या जागेवर लिहिते ती जागा तिच्या कवितेवर चालत नाही. तिच्या कवितेखाली येऊन शिव्या देणाऱ्यांवर जास्त चालते. २०१७ मध्ये फेसबुकने साध्या लाइकच्या पाचपट वजन इमोजींच्या प्रतिक्रियांना दिलं. त्यात रागाचा लाल चेहराही आला. लोक जितके चिडतील तितकी पोस्ट वर. रागाचं वजन शून्यावर आणायला २०२० उजाडलं.

मामा : पाचपट?

भाची : पाचपट. आता नेरळची चित्रफीत बघा. बिल्डरला गिऱ्हाईक किती मिळालं असतं? थोडं. पण तिच्यावर चिडलेल्यांनी ती घरोघरी नेली. ज्यांना ती दाखवायची नव्हती त्यांच्यापर्यंत बिल्डरचा एक रुपया न लागता पोचली. विकणारा आणि विरोध करणारा, दोघांनी मिळून तिसऱ्याचा गल्ला भरला. तो तिसरा ना मुसलमान, ना हिंदू. त्याचं ऑफिसही इथे नाही.

मामा : याला मी रेल्वेवाला म्हणून उत्तर देतो. बाहेरचा पैसा, आणि धर्माचा पैसाही, आमच्या नेरळला नवा नाही. नेरळ-माथेरान गाडी १९०७ ला धावली. पैसा घातला पीरभॉय घराण्याने, बोहरी मुसलमान. बापाच्या पैशावर अब्दुल हुसेनने डोंगरात वळणावळणाची लाइन घातली. सोळा लाख खर्च झाला म्हणतात, त्या काळचे. त्या गाडीला कुणी 'राष्ट्रात राष्ट्र' म्हटलं नाही. पैसेवाल्याचा धर्म असू दे की. गाडीत बसणाऱ्याला त्याने तिकीट विचारलं, धर्म नाही.

भाची : अगदी बरोबर. पीरभॉयांचा धंदा प्रवास विकायचा होता. आमचा धंदा प्रवासी विकायचा आहे. बसणारा कोण, हे पीरभॉयांना कळून फायदा नव्हता. आम्हाला तेच कळून फायदा आहे.

मामा : हं. हे मात्र नीट बोललीस.

भाची : आणि एक बघा. त्या सगळ्या भांडणात कर्जत कुठे होतं? टीव्हीवर वाद घालणारे नेरळ स्टेशनात कधी उतरले असतील असं मला वाटत नाही. हलालवाली टाउनशिप मुंबईतल्या माणसासाठी, वेज फॅमिलीवाला बंगला मुंबईतल्या माणसासाठी. आपल्याला त्यात जागा कुठली? वॉचमन, मोलकरीण, पाण्याचा टँकर. दोन्ही जाहिरातींत डोंगर दिसतो, धबधबा दिसतो, ड्रोनने काढलेली हिरवी शेतं दिसतात. ठाकर दिसत नाही, कातकरी दिसत नाही, इथला आगरी नाही की इथला मुसलमान नाही. नेरळच्या आसपास मुसलमान घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती माणसं आपल्यासारखीच बोलतात, आपल्याच बाजारात भात विकतात. त्यांना कुणी विचारलं का, की तुम्हाला टाउनशिप हवी का?

मामा : त्यांना नाही परवडायची ती. गुंठ्याचा भाव आता त्यांच्याही हातात नाही आणि आपल्याही नाही. पनवेल-कर्जत लोकलची लाइन होतेय, बोगदे खोदून झाले म्हटल्यापासून चौक, मोहोपे या बाजूला माणसं सातबारा बघायलाही थांबत नाहीत. ज्या भातखाचरांत कर्जत-३ डोलायचं, तिथे आता तारेची कंपाउंडं. भातावर संशोधन करणारं केंद्र आपल्या गावात, आणि भात लावायला खाचर उरत नाही. आदिवासी जमिनीला कलम ३६-अ आहे, कलेक्टरच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तरी लोक वाटा काढतात. मी त्या वाटेला जात नाही, हे तुला ठाऊक आहे.

भाची : ठाऊक आहे. म्हणून तर म्हणते, खरा प्रश्न जमिनीचा. धर्म हे त्यावरचं पॅकिंग. सगळे पॅकिंगवर भांडले आणि माल गेला.

मामा : इथे मी तुझ्याशी सहमत नाही. धर्म पॅकिंग नाही. तुझ्या पिढीला तो तसा वाटतो. जो माणूस मुलांना चालत नमाजाला नेता यावं म्हणून घर बदलतो, त्याचा धर्म खरा आहे. जी बाई घरात मांस शिजू नये म्हणून शेजार शोधते, तिचाही खरा आहे. दुकानदाराने त्याचं भांडवल केलं म्हणून गिऱ्हाइकाची श्रद्धा खोटी ठरत नाही.

भाची : मी ती खोटी म्हणत नाही. पण नमाजाला चालत जाता यावं आणि शेजारी फक्त आपलेच असावेत, या दोन वेगळ्या इच्छा आहेत. पहिली श्रद्धा. दुसरी त्या श्रद्धेला बांधून विकलेली भीती. घरात मांस शिजू नये ही श्रद्धा, शेजाऱ्याच्याही घरात शिजू नये ही दुसरी गोष्ट. जाहिरात नेहमी या दोन्ही एका पुडीत बांधते.

मामा : या दोहोंच्या मध्ये रेघ कोण मारणार? सरकार? मग उद्या आमच्या पाड्यावरच्या हरिनाम सप्ताहालाही कुणीतरी नोटीस काढेल.

भाची : सप्ताहाला कशाला? तिथे जो येईल त्याच्या पानात वाढतात. रेघ मला एवढीच हवी, की घर आणि जमीन विकताना धर्म, जात, ताट या अटी जाहिरातीत घालता येऊ नयेत. कुठल्याही धर्माच्या. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला, तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी दिसते. जिथे कार्पेट एरिया खरा लिहावा लागतो, तिथे ही एक अट वाढवायला काय हरकत आहे?

मामा : हरकत ही, की मग लोक जाहिरातीत लिहिणार नाहीत, कानात सांगतील. आता निदान दिसतं तरी. नेरळवाल्याने उघड लिहिलं म्हणून देशात चर्चा झाली. वेज फॅमिलीवाले हळू बोलतात, म्हणून सुटतात. तुझा कायदा आला की सगळेच हळू बोलायला शिकतील. मग तू कुणावर चिडणार?

भाची : कानात सांगायला तोंड कानापाशी न्यावं लागतं. लाखो कानांपाशी कुणी तोंड नेत नाही. धंदा लहान तरी होईल.

मामा : लहान होईल, संपणार नाही.

भाची : संपेल असं मी म्हटलंच नाही. भाई कोतवालांनी इथे धान्य बँका काढल्या म्हणून सावकारी संपली नाही. पण अडल्यानडल्याला दुसरा दरवाजा झाला. माथेरानच्या नाभिक घरातला वकील, आणि त्याच्यामागे खेड्यापाड्यांतले शेतकरी. जातीचा मेळावा नव्हता तो. पुढे त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. खोपोलीच्या पाण्यावर टाटांनी १९१५ ला वीज केली, ती आपल्या डोक्यावरून मुंबईच्या गिरण्यांना जायची.

मामा : आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्या खाऊन पडले. मला शिकवू नकोस, दरवर्षी मी तिथे जातो. पण तुझ्या तोंडी ही गोष्ट आली म्हणून सांगतो. मनोरे पाडायला मनोरा दिसावा लागतो. तुझा तो तिसरा, ज्याचा गल्ला भरतो म्हणालीस, त्याचा मनोरा कुठे आहे? ज्याच्यावर बोट ठेवायचं तो दिसतच नाही, म्हणून लोक समोर दिसणाऱ्या शेजाऱ्यावर बोट ठेवतात. हा त्यांचा मूर्खपणा नाही, नाइलाज आहे.

भाची : तुमचं हे म्हणणं मी माझ्या ऑफिसात सांगणार आहे.

मामा : सांग. आणि ते ऐकणार नाहीत हेही मीच सांगतो. आता मुद्द्याचं बोल. हा 'वेज फॅमिली'वाला मेसेज माझ्या प्लॉटच्या ग्रुपवर टाकायचा आहे. मालक सकाळपासून मागे लागलाय. ॲडमिन मी. मेंबराने काही वाकडं टाकलं तर ॲडमिन जबाबदार नाही, असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. पण हा मेसेज मेंबराचा नाही, माझा आहे. टाकू की नको?

भाची : टाका. शेवटचे तीन शब्द काढून टाका.

मामा : मालक दुसऱ्या दलालाकडे जाईल.

भाची : जाईल कदाचित.

मामा : म्हणजे नुकसान माझं. तुझ्या कंपनीकडे रोज अशा किती जाहिराती येत असतील, त्यातली एखादी तरी तू परत पाठवलीस?

भाची : तो अधिकार माझ्या हातात नाही. मी फक्त मशीन नीट चालतं की नाही ते बघते.

मामा : मग सुरुवात माझ्यापासून का?

भाची : कारण तुम्हाला मालकाचं नाव माहीत आहे. तुम्ही त्याला फोन लावू शकता. मी कुणाला लावू?

मामा : लावतो. पण आधीच सांगून ठेवतो, तो अडून बसला तर प्लॉट मी विकणार. आणि मुसलमान पार्टी आली तर तिला हाच प्लॉट पहिल्यांदा दाखवणार. मालकाला काय ते तोंडावर म्हणू दे.